फरकाचा रकाना

गेल्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी रात्रीची जेवणं आटोपली आणि आम्ही दोघं नेहमीसारखे लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसलो. घरखर्चाची शीट नवऱ्याने बनवलेली आहे. डावीकडे खर्चाची नावं, पुढे तीन रकाने: ठरलेला, झालेला आणि फरक. ठरल्यापेक्षा खर्च जास्त झाला की फरकाचा आकडा आपोआप लाल होतो. मी फोनमधले यूपीआयचे मेसेज वाचत होते, तो भरत होता. दूध, पेपर, इस्त्री, लाइट बिल, मावशींचा पगार. सगळं भरून झाल्यावर त्याने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाला, "किराणा-भाजी परत अठराशेने वर गेलीय गं. बघ ना जरा, कुठे कमी करता येतंय का." आवाजात राग नव्हता. टोमणे मारण्याचा त्याचा स्वभावच नाही. मीही "बघते" म्हणून ओटा आवरायला उठले. पण भांडी विसळताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. अठराशे रुपये कुठे गेले ते मला तोंडपाठ होतं. नणंद आणि तिची मुलं चार दिवस राहून गेली होती, त्यात तेल आणि लसूण दोन्ही महाग. टोचत होतं ते निराळंच. गेली कित्येक वर्षं महिनाअखेरीला हा प्रश्न विचारला जातो आणि दर वेळी तो मलाच विचारला जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर शांत असताना मी एकटीने शीट उघडली आणि मागचे महिने चाळत बसले. गृहकर्जाचा हप्ता, फरक शून्य. लेकीच्या क्लासची फी, शून्य. गाडीचा हप्ता, विमा, एसआयपी, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळीकडे शून्य. लाल काय होतं? किराणा. भाजी-फळं. सासूबाईंची औषधं. कपडे. आहेर आणि पाहुणे. किरकोळ. कुठलाही महिना काढला तरी हीच नावं, थोड्याफार फरकाने.

लाल रंग फक्त माझ्या ओळींना होता.

यात नवल काही नाही, आणि तेच मला आधी सुचलं नव्हतं. जो खर्च एकदा ठरला की बदलतच नाही, तो ठरल्यापेक्षा जास्त होणार कसा? हप्ता पाच तारखेला आपोआप खात्यातून जातो. त्याला ना पाहुणे येतात, ना तो आजारी पडतो, ना त्याला सणवार असतात. मग महिन्याची सगळी वर-खाली, सगळं अनपेक्षित, जाऊन पडतं ते उरलेल्या चार-पाच नावांवर. आणि ती नावं ज्या बाईच्या हातात, तिच्यावर. आमच्या घरातला सगळ्यात मोठा खर्च हप्ता आहे. किराणा त्याच्या निम्माही नाही. तरी जाब किराण्याला द्यावा लागतो, कारण तो हलतो.

आणि किराणा हलतो तेव्हा तो हलवणारी मी एकटी नसते. २०१५ च्या दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ किलोला दोनशेवर गेली होती, तेव्हा आमटी पातळ करून करून किती करणार? २०२३ च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली, त्याच हिवाळ्यात लसूण चारशेवर गेला. मंडईत बायका चार पाकळ्यांच्या कुड्या उलटसुलट करून बघायच्या आणि परत ठेवायच्या, ते मला आठवतं. मीही ठेवली होती. सरकार महागाईचा जो निर्देशांक काढतं, त्यात २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत खाण्यापिण्याचं वजन, म्हणजे वाटा, ४५.८६ टक्के होतं. म्हणजे भाजीबाजार हलला की देशाची महागाई हलते, हे सरकारला मान्य आहे. आमच्या शीटमध्ये मात्र किराण्यापुढे एकच आकडा वर्षभर गोठवलेला असतो, जानेवारीत जो ठरला तो.

आता त्या शून्यांकडे येते. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते त्यांच्याबद्दल.

मे २०२२ च्या सुरुवातीला रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्क्यांवर गेला. आमचं कर्ज तरत्या व्याजदराचं, म्हणजे तो वाढला की आमचं व्याज वाढणार. तरीही त्या सगळ्या महिन्यांत हप्त्यापुढे फरक शून्यच आहे. मी पुन्हा पुन्हा तपासलं. हप्ता एक रुपयाने वाढला नव्हता. वाढली होती ती मुदत. बहुतेक बँका तेव्हा हप्ता तोच ठेवायच्या आणि महिने वाढवायच्या. साधं उदाहरण घ्या. वीस लाख कर्ज शिल्लक आहे, सात टक्के व्याज, पंधरा वर्षं राहिली आहेत. हप्ता बसतो साधारण अठरा हजार. व्याज साडेनऊ टक्के झालं आणि हप्ता अठरा हजारच ठेवला, तर कर्ज फिटायला सात वर्षांहून जास्त काळ वाढतो. सात वर्षांचे हप्ते! आणि महिन्याच्या शीटमध्ये त्याची नोंद काय? शून्य. हिरवं. सगळं ठरल्याप्रमाणे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा आणि त्याला नीट कळवा. म्हणजे तोवर ही गोष्ट किती घरांत न बोलता होऊन जात असेल. त्या काळात आम्ही टेबलाशी बसून तेलाच्या डब्याऐवजी पिशवी आणावी का, यावर बोलत होतो.

मला हे कळल्यावर आधी संताप आला आणि मग फार वेळ काहीच सुचलं नाही. अठराशेच्या लाल आकड्यासाठी आपण किती शब्द खर्च केले, आणि लाखांचा आकडा लाल झालाच नाही म्हणून त्याच्यावर एक शब्दही नाही. नवऱ्याला दाखवलं. तो बराच वेळ बँकेचं स्टेटमेंट खालीवर करत राहिला. मग म्हणाला, "हे शीटमध्ये दिसायलाच पाहिजे होतं." मी म्हटलं, "शीटला काय विचारायचं ते आपणच ठरवलंय ना."

माझं लहानपण बार्शीत गेलं. वडील पंचायत समितीत कारकून. पगार एक तारखेला पाकिटात यायचा आणि ते पाकीट आधी देवापुढे, मग आईच्या हातात. आई हिशेब लिहायची. विम्याच्या एजंटने दिलेल्या जुन्या डायरीत, निळ्या बॉलपेनने, अक्षर बारीक आणि एकावर एक नीट बसवलेलं. दळण १.५०. रॉकेल. भाजी ४.२५. पोस्ट १.००. चप्पल शिवली ०.७५. दुधाचा हिशेब वेगळा, तो कालनिर्णयच्या चौकटीत: "अर्धा ली. जास्त", "आला नाही". त्याच चौकटींत कधी "गॅस लावला" असायचं, आमच्याकडे गॅस आल्यावर. वडील रविवारी सकाळी अंघोळ झाल्यावर ती डायरी घेऊन बसायचे आणि बोट फिरवत बेरीज करायचे. त्यांनी कधी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. पण ते बेरीज करत असताना आई स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची, पदराला हात पुसत, हात कोरडे असले तरी. बेरीज जुळली की ते डायरी मिटून म्हणायचे, "बरोबर आहे." आई मग आत वळायची. तिचा हिशेब कधीच चुकला नाही. सगळ्या आळीत तिचं नाव होतं त्यासाठी. मलाही तिचा अभिमान वाटायचा. वहीत बेरीज अशी जुळवता आली पाहिजे, असं मी मनाशी धरलं होतं.

वडील गेल्यावर दोनेक वर्षांनी आई माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा या डायऱ्यांचा विषय निघाला. मी म्हटलं, तुझा हिशेब कसा गं दर महिन्याला पैशाला पैसा जुळायचा, आमचा तर कधी जुळत नाही. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जुळवायचे मी." म्हणजे? म्हणजे संक्रांतीला कासाराकडे बांगड्या भरल्या तर ते पैसे बांगड्यांच्या नावावर लिहायचे नाहीत. चार दिवस भाजी थोडी थोडी जास्त लिहायची. मामा आला आणि त्याच्या मुलाच्या हातावर काही ठेवलं तर ते दळणात, रॉकेलात वाटून टाकायचं. मैत्रिणींबरोबर एकदा सिनेमा पाहिला, तो दोन आठवड्यांच्या भाजीत बसवला. "त्यांनी नाही म्हटलं नसतं," ती म्हणाली. "पण विचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं."

पुढे ती काही बोलली नाही. तांदळातला एक खडा काढून तिने ताटाच्या कडेला ठेवला.

त्या दिवसापासून पैशाला पैसा जुळलेला हिशेब पाहिला की मला सुख वाटत नाही. वडील वाईट नव्हते. पगार पुरा आईच्या हातात देणारा माणूस त्या काळात चांगलाच म्हणायचा. आणि आईही खोटी नव्हती. घरातला पैसा तिने घराबाहेर कधी जाऊ दिला नाही. तरीही त्या डायऱ्यांत बार्शीतल्या भाजीचे जे भाव लिहिले आहेत ते खरे नाहीत, कारण त्या भाजीत बांगड्या आहेत, भाचा आहे, एक सिनेमा आहे. फरक दिसू द्यायचा नाही, एवढ्यासाठी एका हुशार बाईने वर्षानुवर्षं ही मेहनत केली. आमच्या शीटमधला लाल आकडा त्या मानाने बरा, असं मला तेव्हापासून वाटतं. तो दिसतो आहे, याचा अर्थ या घरात मी काही झाकून ठेवत नाही.

आम्ही आता राहतो पिंपळे सौदागरला. कोकणे चौक, शिवार चौक, उंच सोसायट्या, संध्याकाळी दुकानांच्या दिव्यांनी झगझगीत झालेले रस्ते. पवनेच्या काठचं हे एक साधं खेडं होतं, हे आज इथे राहणाऱ्या बऱ्याच जणांना सांगून पटत नाही. पण या खेड्यातल्या घरोघरच्या जमाखर्चाची नोंद शंभर वर्षांपूर्वी झाली आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी या गावाचा अभ्यास केला आणि तो १९१७ साली छापला. घरात जमिनीचं किती येतं, बाहेरच्या मजुरीचं किती येतं, कर्जाचं व्याज किती जातं आणि त्या घराला जगायला लागतं किती, हे त्यांनी घरागणिक मांडलं. जगायला लागतं म्हणजे पुण्यातल्या साहेबाच्या मापाने नव्हे, त्या गावाच्या राहणीच्या मापाने. एकूण १०३ घरं. त्यातली नुसत्या जमिनीवर नीट निभावणारी ८. जमीन आणि बाहेरची मजुरी मिळून निभावणारी २८. उरलेल्या ६७ घरांचं काही केलं तरी भागत नव्हतं. पुढे त्यांनी शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा असाच अभ्यास केला, तिथे १४७ पैकी १२५ घरं या तिसऱ्या गटात निघाली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गॅलरीत होते. समोरच्या टॉवरच्या दिवे लागलेल्या खिडक्यांकडे बघत विचार करत बसले की या जमिनीवर ती ६७ घरं होती. त्या घरांत फरकाचा रकाना कोणी लिहीत नव्हतं, पण तो होताच. व्याज हलत नाही, शेतसारा हलत नाही. मग हलणार काय? भाकरी. १९२३ मध्ये मुंबईच्या लेबर ऑफिसने तिथल्या कामगारांच्या घरखर्चाचा अहवाल काढला, फिंडले शिरस नावाच्या अधिकाऱ्याने केलेला. कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा खाण्यावर जायचा, आणि तरी त्यात म्हटलं आहे की कामगाराच्या ताटातलं धान्य मुंबईच्या तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्यापेक्षा कमी भरतं. जवळपास निम्मी कुटुंबं कर्जात होती. सावकाराला नाही म्हणता येत नाही, घरमालकाला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणता येतं ते फक्त चुलीला. आमची गोष्ट त्यांच्यापुढे अगदीच सुखवस्तू माणसांची आहे, याची मला जाणीव आहे. आमच्याकडे कोणी उपाशी झोपत नाही. पण पैसे कमी पडले की हात आधी कुठे जातो, ती वाट तीच आहे, आणि ती मला भीतीदायक वाटते.

आणखी एक गोष्ट या आकड्यांनी दाखवली. त्या काळचं शेतकऱ्याचं घर वर्षावर चालायचं, सुगी ते सुगी. महिन्याचा हिशेब नोकरीबरोबर आला. पगार महिन्याला येतो म्हणून आपण खर्चही महिन्याच्या मापात कोंबतो, पण घराला महिना माहीत नसतो. बार्शीला आमच्याकडे शाळू बाजारात आला की वर्षाची ज्वारी एकदम यायची. उन्हाळ्यात गच्चीवर गहू वाळत पडलेला, आम्ही मुलं त्यात पाय घालून सऱ्या ओढायचो. तूरडाळीला एरंडेल चोळायचं काम माझ्याकडे, हाताला दोन दिवस तो वास असायचा. धान्यात थरावर थर कडुलिंबाचा पाला. मग कांडपावर तिखट, सगळी आळी शिंकायची. त्या दोन महिन्यांत आईकडे पैसे नसायचेच आणि वडीलही काही विचारायचे नाहीत, कारण तेव्हा खर्च होणार हे त्यांनाही ठाऊक असायचं, ते त्यांच्याही आईने केलेलं होतं. आमच्या शीटमध्ये मात्र एप्रिलला गहू घेतला की किराणा लाल, जूनला वह्या-दप्तर घेतलं की लाल, गणपतीत लाल, दिवाळीत तर विचारू नका. दर वर्षी येणारी गोष्ट दर वर्षी अचानक आल्यासारखी नोंदवायची, हे मला आता पटत नाही. मी बारा महिन्यांची बेरीज करून पाहिली, तेव्हा किराण्याचा फरक जवळपास मिटला. उरला तो पाहुण्यांचा आणि औषधांचा.

पाहुण्यांचा फरक मला मिटवायचा नाही. नणंद राहायला आली की तिच्या मुलांना आमरस हवा असतो, आणि तो मी करणार. मावशींनी मुलीच्या ॲडमिशनसाठी उचल मागितली ती पुढच्या पगारातून कापून घ्यायची की तशीच सोडायची, हे मी त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवते. जानेवारीत बसून ते कसं ठरवणार? कोणाच्या दवाखान्यात डबा, कोणाच्या घरी फुलं, शेजारच्या आजोबांना रिक्षाभाडं. किरकोळ म्हणून जे आम्ही लिहितो त्यात या घराचा जीव आहे, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो लगेच हो म्हणाला नाही. म्हणाला, "जीव असला तरी आकडा पाहिजे ना." तेही खरंच आहे. काटकसर त्याला हौस म्हणून सुचलेली नाही. त्याच्या घरी वडिलांची गिरणी बंद पडल्यानंतरची वर्षं त्याने पाहिली आहेत. आकडा डोळ्यांसमोर असला की त्याला रात्री झोप लागते. माझं उलट आहे. मला आकड्यापुढे उभं राहावं लागलं की आईचे ते कोरडे हात आठवतात.

मग आम्ही शीट बदलली. हप्त्यापुढे आता रकमेबरोबर राहिलेले महिनेही लिहितो, आणि ते वाढले तर तो आकडा लाल होतो. धान्य, शाळा, सण, लग्नकार्य यांचं वर्षाचं मिळून एकच खातं, त्यात महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला टाकायची. आणि दोघांच्या नावावर थोडी थोडी रक्कम अशी ठेवली आहे की तिचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही, शीटमध्ये लिहायचाही नाही. ही शेवटची गोष्ट माझ्या आग्रहाने झाली. ते ऐकून लेक आपल्यालाही अशीच रक्कम हवी म्हणून हट्ट धरून बसली आहे. ती सोळा वर्षांची आहे. माझं मन द्यावी म्हणतं, नवऱ्याचं मन अजून तयार नाही.

बँकेला आम्ही मुदत वाढवण्याऐवजी हप्ता अडीच हजारांनी वाढवून द्या असं पत्र दिलं आहे. पुढच्या महिन्यापासून तो लागू होईल. हे अडीच हजार कुठून काढायचे यावर अजून एकमत नाही. नवरा म्हणतो एसआयपी थोडी कमी करू. मी म्हणते, ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस मेट्रोने जा, गाडी राहू दे. सासूबाईंनी हे सगळं सोफ्यावरून ऐकलं आणि त्यांच्या पेन्शनमधले हजार घ्या म्हणाल्या. ते घ्यायचे नाहीत, एवढंच तिथल्या तिथे ठरलं. बाकीचं रविवारी बसून ठरवायचं आहे.